प्रस्थान इगतपुरीत, प्रवासी विमानतळावर

"मी ट्रस्टेड ट्रॅव्हलर आहे आणि हा गृहस्थ मला आत सोडत नाही," गुरुजी फोनवर म्हणाले.

मी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात होते. गुरुजी मुंबईच्या विमानतळावर, टर्मिनलच्या अगदी पहिल्या दारात. सकाळचे अकरा चाळीस झाले होते. त्यांचं सिंगापूरचं विमान चार दहाचं. मागून सुरक्षा जवानाचा आवाज येत होता. तो बिचारा शांतपणे एकच वाक्य म्हणत होता, "बाबाजी, पासपोर्ट दिखाइए."

"मग दाखवा ना," मी म्हटलं.

"तो इगतपुरीला आहे."

सव्वीस वर्षं मी ट्रॅव्हल एजन्सी चालवते आहे. लोक पासपोर्ट कुठे कुठे विसरतात ते मला पाठ आहे. फ्रिजवर, झेरॉक्सच्या दुकानात, जुन्या पर्समध्ये. एकाने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता आणि वार रविवार होता. पण इगतपुरी हे ठिकाण माझ्या यादीत नव्हतं.

आधी गुरुजींबद्दल सांगते. पंचवटीतले पिढीजात उपाध्ये. घाटावर येणाऱ्या यजमानांचे विधी करणं हा घरचा व्यवसाय. आयुष्यभर त्यांनी लोकांना "रांगेत या, रांगेत या" असं बजावलं, पण स्वतः कधी रांगेत उभे राहिले नाहीत. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे सिंगापूरला जाताना ते पहिल्यांदा इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिले. इमिग्रेशन म्हणजे देशाबाहेर जाताना पासपोर्ट तपासून शिक्का मारतात तो काउंटर. तिथे दीड तास गेला. गुडघे दुखले, ते एक वेळ चाललं असतं. पण त्यांचा निफाडचा एक यजमान, द्राक्षं एक्स्पोर्ट करणारा, शेजारच्या गेटमधून सुळकन पलीकडे गेला आणि जाता जाता त्याने गुरुजींना हात केला. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

परत आल्यावर ते थेट माझ्यासमोर येऊन बसले. "तो कोणत्या दारातून गेला ते मला हवंय."

ते दार असं असतं. सरकारकडे ऑनलाइन अर्ज करायचा. सरकार तुमची चौकशी करतं. मग बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. मंजुरी आली की तुम्ही ट्रस्टेड ट्रॅव्हलर, म्हणजे आधीच तपासून ठेवलेला प्रवासी. पुढच्या वेळी रांग नाही. ई-गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन करायचा, यंत्र तुम्हाला ओळखतं, दार उघडतं. हे फक्त इमिग्रेशनपुरतं. बॅगा तपासायची सिक्युरिटी सगळ्यांना सारखीच. हे मी प्रत्येक क्लायंटला सांगते आणि कोणीही ऐकत नाही.

काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, मी विचारलं की तुमचाही अर्ज भरू का. त्या म्हणाल्या, "नको गं. मला कुठे घाई आहे?"

दोन महिन्यांनी गुरुजींची मंजुरी आली. पेढे आले. पेढे घेताना मी त्यांना एक वाक्य बोलले आणि तिथेच माती खाल्ली. मी म्हटलं, "गुरुजी, ही मंजुरी पासपोर्टला जोडलेली आहे. तो जिवापाड सांभाळा."

गुरुजींनी तो खरोखरच जिवापाड सांभाळला. मुलीला मुलगी झाली, बारसं शुक्रवारी ठरलं, म्हणून गुरुवारचं तिकीट काढलं. गुरुवार त्यांच्या पंचांगात प्रयाणाला वाईट निघाला. मंगळवारी सकाळचा मुहूर्त मात्र उत्तम. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. चांगल्या मुहूर्तावर प्रवासातली एखादी वस्तू घराबाहेर, जायच्या दिशेला, कुणाकडे तरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग आपण सवडीने निघायचं आणि वाटेत ती वस्तू उचलायची.

गुरुजींनी विचार केला, सिंगापूर पूर्वेला असलं तरी विमान पश्चिमेला आहे. म्हणून मंगळवारी रेल्वेने ते इगतपुरीला गेले. तिथे त्यांच्या थोरल्या बहिणीचं, माईंचं घर. माईंचे यजमान रेल्वेतून रिटायर झालेले. माईंच्या देवघरात त्यांनी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नारळ यांचं गाठोडं ठेवलं. त्यात प्रवासातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणून पासपोर्ट ठेवला. देवघराइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती? काकूंना यातलं फक्त सुपारीपर्यंत माहीत होतं.

गुरुवारी सकाळी टॅक्सी निघाली. गुरुजींनी ड्रायव्हरला सांगितलं की सगळ्यात फास्ट रस्त्याने घे. त्याने इगतपुरी गावात न शिरता गाडी समृद्धीवर घातली आणि बोगद्यातून पलीकडे काढली. फाट्यापाशी काकूंनी विचारलं होतं, वन्संकडे थांबायचं ना? गुरुजींनी हाताने गप्प राहायला सांगितलं, कारण ते फोनवर होते. फोन माझ्याशी चालला होता. ई-गेटवर अंगठा ठेवायचा की चार बोटं, हे ते मला सातव्यांदा विचारत होते आणि मी सातव्यांदा समजावत होते. म्हणजे यात माझाही हात होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

आता हिशेब वेळेचा होता. चेक-इन काउंटर विमानाच्या एक तास आधी बंद होतो, म्हणजे तीन दहाला. इगतपुरीहून विमानतळ अडीच-तीन तास. हे विमान चुकलं तर पुढच्या विमानाने बारसं हुकणार. काकूंनी नात अजून फक्त मोबाईलच्या काचेवर पाहिली होती. पाळण्याला पहिला झोका आजीने द्यायचा, असं मुलीने तिकडे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी गुरुजींना म्हटलं की काकूंना आधी आत पाठवा, त्यांचा पासपोर्ट त्यांच्याजवळ आहे. गुरुजी म्हणाले, ती एकटी घोटीच्या पलीकडे कधी गेलेली नाही. तेवढ्यात काकूंनीच फोन घेतला.

"सुनंदा, मी जाते. हे आले तर येतील मागून. नाही आले तर झोका मी देणारच आहे."

आणि त्या गेल्या.

मग मी पोपटरावांना फोन लावला. पोपटराव माझ्याकडे अठरा वर्षं गाडी चालवतात. मूळचे निफाडकडचे, साठीला आलेले. पहाटे एक ग्रुप मुंबईला सोडून ते परत येत होते आणि नशिबाने इगतपुरीतच चहा पीत होते. पाच मिनिटांत ते माईंच्या दारात उभे राहिले. मी फोन चालूच ठेवायला सांगितला होता, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

माई दार अडवून उभ्या होत्या. कोण, कुठले, आडनाव काय, निफाडात कोणत्या गावचे, सासुरवाडी कुठली, असं सगळं विचारून झालं. सासुरवाडी कळवणची निघाली. कळवणला माईंची मावसबहीण दिलेली. मग त्या बहिणीला फोन करून पोपटरावांच्या सासऱ्यांची चौकशी झाली. माणसं बरी आहेत असा निरोप आला. सरकारनेसुद्धा गुरुजींची इतकी चौकशी केली नव्हती. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. बारा वाजून पाच.

"माई, लय घाई हाय," पोपटराव म्हणाले.

"असू दे. प्रस्थान ज्याचं त्यानेच उचलायचं असतं," माई म्हणाल्या. "दुसऱ्याने उचललं तर प्रवास त्याला घडतो."

"मंग मी जातो शिंगापूरला. मला काय, चालंल."

मी कॉन्फरन्स कॉलवर गुरुजींना घेतलं आणि माईंना समजवा म्हटलं. गुरुजींनी भावासारखं समजावलं, माई बधल्या नाहीत. गुरुजी चिडले, माई त्यांच्यापेक्षा जास्त चिडल्या. तुझ्या मुंजीतसुद्धा तू असाच वागलास, इथपर्यंत विषय गेला. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी मीच म्हटलं, "गुरुजी, जे यजमान घाटावर येऊ शकत नाहीत त्यांचे विधी तुम्ही त्यांच्या वतीने करता ना? मग हे तसंच नाही का?"

मग गुरुजींचा आवाज बदलला. धंद्यातला आवाज लागला. "माई, त्याला पाट दे. पळीभर पाणी दे."

विमानतळाच्या फुटपाथवर, ट्रॉल्यांच्या शेजारी उभं राहून गुरुजींनी खणखणीत आवाजात संकल्प सांगितला. देश, काल, गोत्र, नाव, सिंगापूरगमनार्थ असं सगळं व्यवस्थित. इगतपुरीत पोपटरावांनी हातावरून पाणी सोडलं. ते आता गुरुजींचे रीतसर प्रतिनिधी झाले. माईंनी गाठोडं दिलं, हातावर गूळ ठेवला आणि पोपटरावांचा जेवणाचा डबा ठेवून घेतला. "पोचवून आलात की डबा न्या," म्हणाल्या. बारा पंचवीसला गाडी निघाली.

दोन बावन्नला पोपटराव टर्मिनलसमोर पोचले. गुरुजी धावतच आले. मी फोनवरून ओरडून सांगितलं की नारळ बाहेर काढा, हँडबॅगेत नारळ चालत नाही. गुरुजी म्हणाले, प्रस्थान मोडता येत नाही. मी म्हटलं की विमान चुकण्यापेक्षा ते बरं. त्यांनी नारळ पोपटरावांना दिला आणि बजावलं, हा नाशिकला परत न्यायचा नाही, नाहीतर प्रवास उलटा होतो.

तीन सातला गुरुजी काउंटरवर होते. बॅगा गेल्या, बोर्डिंग पास मिळाला. आणि मग तो क्षण आला ज्यासाठी दोन महिने, सात फोन आणि एक किलो पेढे खर्ची पडले होते. ई-गेटवर त्यांनी पासपोर्ट ठेवला. त्याला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते, ते पुसून पुन्हा ठेवला. दार उघडलं. अर्धं मिनिट लागलं. गुरुजींनी दोन्ही बाजूंना पाहिलं, हात करायला कोणी ओळखीचं आहे का. शेजारच्या काउंटरांपुढे रांगच नव्हती. दुपारी तिथे इतकी तुरळक गर्दी होती.

काकू त्याच काउंटरवरून आठ मिनिटांत पलीकडे गेल्या होत्या. गुरुजी बोर्डिंग गेटवर पोचले तेव्हा त्यांनी दोन तास आरामात घालवले होते, एका गुजराती बाईंशी मैत्री केली होती आणि घरून आणलेले धपाटे दोघींनी मिळून संपवले होते. नवऱ्याला बघून त्या म्हणाल्या, "आलात का? बसा."

शुक्रवारी पाळण्याला पहिला झोका काकूंनीच दिला. मुलीने व्हिडिओ पाठवला. तो मी ऑफिसात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा डोळे पुसले.

परत आल्यावर गुरुजींनी सगळ्या पंचवटीला सांगितलं की फास्ट ट्रॅक म्हणजे काय वर्णावं, अर्ध्या मिनिटात काम. फुटपाथवरच्या सव्वातीन तासांबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. मी माझ्या क्लायंटच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली आहे. व्हिसा, इन्शुरन्स, चार्जर यांच्या खाली आता लिहिलेलं असतं: प्रस्थान ठेवलं आहे का? कुठे? आत काय आहे? सुशिक्षित लोक हसतात. मग चौघांतला एक हळूच म्हणतो, "हो, मामाकडे ठेवलंय."

पोपटरावांनी त्या दिवशी परतताना नारळ कसारा घाटातल्या देवीपुढे वाढवला आणि प्रसाद घेऊन ते माईंकडे डबा आणायला गेले. डबा धुऊन, भरून तयार होता. आता मुंबईची फेरी असली की ते समृद्धीने येत नाहीत, जुन्या रस्त्याने इगतपुरीत शिरतात. मी कारण विचारत नाही. माईंच्या दारात त्यांना कोणी अडवत नाही, ते थेट स्वयंपाकघरात जाऊन बसतात. सरकारची मंजुरी पाच वर्षं टिकते. माईंची तहहयात आहे.