हातखंबा बंदर

देवाने आमच्या घरमालकांचे मेव्हणे घडवायला घेतले ते रविवारी दुपारी, आणि काम अर्धे झाले असताना कोणीतरी त्याला ‘चल, एक डाव टाकू’ म्हणून हाक मारली असली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. एरवी इतका कामसू हात आणि इतका मोकळा स्वभाव एका देहात भरल्यावर चिमूटभर व्यवहारज्ञान घालायला देव विसरला नसता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाटबंधारे खात्यातला कारकून म्हणून मी रत्नागिरीत आलो आणि मांडवीच्या वाटेवर एक खोली भाड्याने मिळते का हे विचारायला गेलो. घरमालकांनी नोकरी कायम आहे का, पाहुणे फार येतात का, असले रीतसर प्रश्न विचारले. तेवढ्यात आतून लुंगी, बिनबाह्यांचा बनियन आणि डोक्यावर लोकरीची टोपी अशा वेषात हे मेव्हणे आले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, “फासे टाकता येतात काय?” मी म्हटले, येतात. ते घरमालकांकडे वळून म्हणाले, “द्या ह्याला खोली.” माझ्याआधी खोली बघायला आलेले एक बँकेतले आणि एक मलेरिया खात्यातले असे दोन सज्जन याच प्रश्नावर परत गेले होते, हे मला पुढे कळले.

आम्ही त्यांना तोंडावर मामा म्हणत असू. मामांचे सारे आयुष्य मालवाहू बोटींवर गेले होते. पण बोटीवर म्हणजे बोटीच्या पोटात, इंजिनाला तेल घालण्यात. गावातले लोक ‘सगळं जग फिरलेला माणूस’ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवत, आणि मामा वैतागत. “फिरलो कुठला मेल्या? जग खालून ऐकलं मी. नांगराची साखळी घरघरली की समजायचं, आलं काहीतरी. बाकीचे उतरायचे नि आमचं इंजिन नेमकं तेव्हाच दुरुस्तीला निघायचं.” त्यामुळे जगातल्या बंदरांबद्दल मामांना जी माहिती होती ती सगळी त्या बंदराच्या बियरवरून. वरचे खलाशी येताना एखादी बाटली खाली पोचवत, मामा डोळे मिटून घोट घेत आणि बंदर कडू आहे की गोड आहे ते ठरवत. जमिनीवर येऊन पाच-सात वर्षे झाली तरी त्यांची बोट सुटली नव्हती. स्वयंपाकघर म्हणजे गॅली, घरमालकीण असलेली धाकटी बहीण म्हणजे कप्तान, आणि उजवीकडे म्हणजे स्टारबोर्ड. एकदा त्यांनी रिक्षावाल्याला ऐन वळणावर “स्टारबोर्ड, स्टारबोर्ड!” असे ओरडून सांगितले. त्या बिचाऱ्याने ‘बोर्ड’ तेवढे ऐकले आणि त्यांना विजेच्या बोर्डाच्या ऑफिसात नेऊन सोडले. आलोच आहोत तर म्हणून मामा घरातला दिवा बारीक जळतो अशी तोंडी तक्रार करून, तिथल्या लोकांचा चहा पिऊन परत आले.

पण मामांचा खरा संसार म्हणजे फाशांच्या खेळाचा एक पट. एका परदेशी खलाशाने आंब्याच्या लोणच्याच्या बरणीच्या बदल्यात त्यांना तो दिला होता. लाकडी चौकटीतला, निळ्या समुद्राचा, त्यावर वाटा आखलेल्या आणि काठाने बंदरे. चार रंगांच्या चार बोटी, दोन फासे आणि चित्रांच्या चिठ्ठ्यांची एक गड्डी. बंदरांची नावे कोणालाही वाचता न येणाऱ्या लिपीत होती आणि नियमांचा कागद त्या लोणचे घेणाऱ्या खलाशाकडेच राहिला होता. मामांनी भाताची खळ करून सगळ्या बंदरांवर नव्या नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या: जयगड, वेळणेश्वर, हेदवी, मिरकरवाडा. शेवटचे बंदर, जिथे जो आधी पोचेल तो जिंकेल, त्याचे नाव काय ठेवावे यावर मात्र तंटा झाला. खेळणाऱ्या आम्हा चौघांत एक एसटीतले कंट्रोलर होते. त्यांनी निक्षून सांगितले की रत्नागिरीतून कुठेही जायचे तर हातखंबा लागतोच, त्याला सोडून प्रवास ही कल्पनाच त्यांना मान्य नाही. त्यांनी बोट उगारून “मार्गे हातखंबा!” असे स्टँडवर पुकारल्यासारखे म्हटले आणि विषय संपला. अशा रीतीने हायवेवरचा तो तिठा, जिथे समुद्राचा वाससुद्धा पोचत नाही, आमच्या पटावर सातासमुद्रांचे शेवटचे बंदर झाला.

चौथे गडी म्हणजे बेकरीवाले हमीदभाई. रविवारी दुपारी भट्टी निवली की ते यायचे, येताना पेपरात गुंडाळून नानकटाई आणायचे आणि एकदा खेळायला बसले की त्यांच्यातला सौम्य माणूस उठून बाहेर जायचा. आम्ही सारेच तसे इरेला पेटत असू, आणि तरीही, मी सांगतो यावर विश्वास ठेवा, आमच्यापैकी कोणीही कधी जिंकले नाही. कारण कोणाची बोट हातखंब्याच्या तोंडाशी आली की मामांना एखादा नियम आठवायचा. कधी वारा पडायचा. कधी बंदरात पटकीची साथ असायची. आणि काहीच नसले तर तिथी असायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. एका त्रयोदशीच्या रविवारी, चारच्या सुमारास, मला शेवटच्या घरासाठी हवे ते दान पडले. मी बोट उचलली. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि माझा हात धरला.

“त्रयोदशी आज. पुरी ओहोटी. शिरशील कसा? गाळात रुतशील मेल्या.”

“मामा, हातखंब्याला गाळ कुठला?”

“म्हणूनच सांगतो. पाणीच नाय तिथं.”

यावर कंट्रोलर म्हणाले, “बरोबर आहे.” हमीदभाई म्हणाले, “दर्याचा कायदा आहे, त्याला इलाज नाय.” मी मुकाट्याने बोट हेदवीला परत आणली. पुढच्या आठवड्यात हमीदभाईंची बोट तिथे पोचली तेव्हा भरती होती, पण मामांच्या मते फार होती.

चिठ्ठ्यांचा अर्थही मामाच लावत. जाड मिशांचा माणूस म्हणजे कस्टमवाला, एक पाळी गेली. छत्री घेतलेली बाई म्हणजे सासू, बोट जिथे असेल तिथेच मुक्काम. एका चिठ्ठीवर बोकड होता. समुद्राच्या खेळात बोकडाचे काय काम, हे आम्हाला शेवटपर्यंत समजले नाही. पण तो ज्याला येईल त्याने दुसऱ्या कोणाला येईपर्यंत प्रत्येक दानाआधी बोकडासारखे ओरडायचे असा नियम होता. हा बोकड नेमका कंट्रोलरांना यायचा. सबंध स्टँड ज्यांच्या शिट्टीवर हलायचा ते गृहस्थ डोळे मिटून गंभीरपणे “बेंऽऽ” करत आणि मगच फासे टाकत. एकदा त्यांच्या साहेबांचा निरोप घेऊन आलेला शिपाई दारातून ते ऐकून निरोप न देताच परत गेला होता.

आणि या सगळ्याबरोबर बियर. ती मामा घरी करत. परदेशात ती मोड आणलेल्या धान्याची करतात एवढे त्यांना ठाऊक होते, आणि आमच्याकडे मोड आणलेले धान्य म्हणजे नाचणी. न्हाणीघरात ओल्या फडक्यात नाचणीचे गाठोडे टांगलेले असे. अंघोळ करणाऱ्याच्या टाळूवर ते ठिबके. कडवटपणासाठी काडेचिराईत आणि फसफसायला हमीदभाईंच्या बेकरीतले यीस्ट. हमीदभाई स्वतः थेंबाला शिवत नसत, लिंबाचे सरबत घेत; पण पेल्याजवळ नाक नेऊन “अजून दोन दिवस हवे होते” असा निकाल देत आणि तो कधी चुकत नसे. प्रत्येक खेपेला मामा गावातल्या एकेका माणसाचे नाव ठेवत. फेस न येणारी खेप म्हणजे घरमालक. भलतीच कडू निघाली तिचे नाव माझ्या हेडक्लार्कवरून पडले. एकदा सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडाली त्याच क्षणी कोठीत एका पाठोपाठ एक बाटल्या फुटल्या. गुरुजींनी पोथी मिटून हात जोडले, आणि तशी प्रचीती त्यांना आयुष्यात दुसऱ्या कुठल्या घरी आली नाही म्हणतात.

घरात मात्र बियर हा शब्द उच्चारायचा नाही. माईंना, म्हणजे मामांच्या त्या कप्तान बहिणीला, ती नाचणीची आंबील म्हणून माहीत होती. “खोटं काय त्यात?” मामा म्हणत. “नाचणीच ती. आंबलेलीच ती.” पण एका चैत्रात माईंच्या हळदीकुंकवाला बायका लोटल्या, पन्हे संपले, आणि माईंनी कोठीतली सगळी आंबील पेल्यांत ओतून फिरवली. चारला सुरू झालेले हळदीकुंकू दिवेलागण झाली तरी उठेना. उखाण्यांना खळ नव्हता. एरवी मान वर करून न बोलणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि “आंब्याच्या पेटीत पेंढ्याची गादी, वसंतरावांचं नाव घेते मी सगळ्यांच्या आधी” असे खणखणीत म्हणाल्या. मग दुसरा उखाणा घेतला. तिसऱ्या खेपेला यमक सोडून नुसतेच नाव घेतले, चार वेळा. मामा आणि मी मागच्या पडवीत भिंतीला टेकून घामाघूम झालो होतो. बायका गेल्यावर माई आल्या आणि म्हणाल्या, “दादा, तुझ्या आंबिलीनं बायकांचा उष्मा बरा उतरला हो.” मामा म्हणाले, “उतरणारच. थंड ना गो नाचणी.” पुढल्या वर्षी बायका तीनलाच आल्या.

अशी चार वर्षे गेली, आणि माझी बदली झाली. विदर्भात, जिथून समुद्र नकाशातच बघायचा. ऑर्डर आल्यावरच्या रविवारी मी ती सांगितली तेव्हा मामा फासे हातात खुळखुळवत होते. ते थांबले. म्हणाले, “चौघं नसले तर बोट हलत नाय.” एवढेच. पण मला माहीत होते. मी येण्याआधी तो पट कपाटावर दीड पावसाळा पडून होता, आणि त्या दिवसांत मामा दुपारी धक्क्यावर जाऊन नुसते बसत आणि जेवायच्या वेळी हाक मारावी लागे, हे माईंनी मला सांगितले होते.

मग मामांनी चौथा शोधायला घेतला. पोस्टमनला, न्हाव्याला, खोली बघायला आलेल्या प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला. कोणाला वेळ नव्हता, कोणाला नियम पटले नाहीत. शेवटी एक दिवस मामा पँट घालून, दोन बाटल्या पिशवीत घेऊन थेट माझ्या साहेबांकडे गेले. मी फायलीमागे तोंड लपवले. “साहेब,” मामा म्हणाले, “तुमचं खातं पाण्याचं, आमचा खेळ पाण्याचा. तुमच्याकडे कारकून पुष्कळ. आमच्याकडे हा एकच.” साहेब आधी चिडले, मग हसले, मग म्हणाले, “आजोबा, ऑर्डर वरून आली आहे.” मामांनी छताकडे पाहिले, जणू वरच्या मजल्यावर जाऊन विचारावे की काय. बाटल्या मात्र त्यांनी तिथेच ठेवल्या. “राहू देत,” म्हणाले, “कागद बघून बघून उष्मा होतो.”

शेवटच्या रविवारी पट मांडल्यावर मामा म्हणाले, “आज नवा नियम नाय. तिथी बघायची नाय. सरळ खेळायचं.” आम्ही सरळ खेळलो. इतका बेचव डाव मी आयुष्यात खेळलो नाही. बोकड आला तरी कोणी ओरडले नाही. माईंचा चहा उकळायच्या आत माझी बोट हातखंब्याला लागली. मी ती शेवटच्या घरात ठेवली आणि मामांकडे पाहिले. त्यांनी हात पुढे केला नाही. कॅलेंडरकडे पाहिले नाही.

“जिंकलास,” ते म्हणाले.

“आता?” कंट्रोलरांनी विचारले.

आता काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जिंकल्यावर काय करतात याचा नियमच आमच्याकडे नव्हता. हमीदभाईंनी चाचरत “मुबारक” म्हटले आणि मला एक नानकटाई दिली. मामा बोटी एकेक करून डब्यात ठेवू लागले.

“उचलू नको रे पट,” दारातून माई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले, आल्या आणि माझ्या पाटावर, मी पुरता उठायच्या आतच, बसल्या. “चार वर्षं आतून ऐकते आहे. मला सगळं येतं. हिरवी बोट माझी. आणि दादा, आज काय, दशमी ना? मग मी सांगेन तेव्हाच भरती.” मामांनी डब्यातल्या बोटी परत काढल्या. माईंनी फासे टाकले, पहिल्याच चिठ्ठीला बोकड आला, आणि घरमालक हातातला पेपर टाकून धावत बाहेर आले, इतक्या जोरात त्या ओरडल्या.

मी ट्रंक उचलली तेव्हा चौघेही पटावर ओणवे झाले होते. मामांनी वर न बघता “नीट जा रे” एवढेच म्हटले आणि लगेच माईंचा हात धरला, कारण त्यांना बहुधा एखादा नियम आठवला होता. मला आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर वाईटही वाटले. निरोप घ्यायला उभा राहिलेला माणूस एवढ्या लवकर नकोसा होतो हे काही बरे नव्हे. पुढे गावोगावी बदल्या झाल्या, पत्ते झाले, कॅरम झाला, विकतच्या बाटल्याही झाल्या. सगळीकडे माणसे नियमाने खेळतात, कोणीतरी जिंकते, आणि मंडळी वेळेवर आपापल्या घरी जातात. मला अजून त्याची सवय झालेली नाही.