परसातली गॅसलाइन

मागच्या अंगणात गॅसची लाइन न्यायची, असं नवऱ्याने एका रविवारी जाहीर केलं आणि पेपर उघडला. म्हणजे काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे असंच चालतं. ते कॉलेजात शिकवतात, मी औरादहून बस धरून खेड्यातल्या शाळेत जाते. नोकरी दोघांनाही आहे, पण गवंडी, नळवाला, गॅसवाला यांच्या मागे लागण्याची नोकरी मला वरकड मिळालेली आहे.

कारण मात्र खरं होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा (नवऱ्याचं ऐकून मीही त्यांना अव्वाच म्हणते), मागे पत्र्याखाली चुलीवर रोज भाकरी करायच्या. आत ओट्यावर मी भाजी टाकायची, बाहेर जमिनीवर पाट मांडून त्या भाकरी थापायच्या. पावसाळ्यात त्यांना खोकला धरला तो सुटेचना. बीदरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि चुलीचा धूर आजपासून बंद म्हणून सांगितलं. परत येताना अव्वा बसच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. नवरा हळू आवाजात मला म्हणाला, "भाकरी सुटली तर अव्वा खचून जाईल गं." नवऱ्याला मनापासून तसं वाटत होतं. मलाही वाटलं. म्हणून धूर जावा आणि जागा राहावी, यासाठी तिथेच, पत्र्याखाली, गॅस.

नवऱ्याने मुदतही ठरवून टाकली. येळवशीच्या आत. हिवाळ्यातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात घराला कुलूप लागतं आणि सगळं घर शेतात जेवायला जातं. ज्वारीच्या कडब्याची खोप, त्यात देव, पालेभाज्या आणि कोवळ्या दाण्यांची भज्जी, आंबिल आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकरी. अव्वाच्या हातच्या. त्या भाकरींवाचून येळवस कशी होईल, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारलेला नव्हता.

मग रोज शाळेतून आले की पर्स खुंटीला आणि टेप हातात. सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून सरळ पलीकडे. पण त्याच भिंतीत देवाचा कोनाडा आहे, अव्वा तिथे लिंगपूजेला बसतात. नवरा म्हणाला, देवाच्या भिंतीला भोक पाडायचं नाही. मग पाइप न्हाणीघराच्या बाजूने वळवला. तिथे दिवसभर ऊन, रबरी नळी तडकेल, म्हणून तांब्याची ठरली. शेगडी मांडली की तोंड पूर्वेला पाहिजे, पण पूर्वेकडूनच वारा येतो, म्हणून आडोशाला पत्रा आला. प्रत्येक गोष्टीला नवऱ्याचं मत होतं आणि टेपचं दुसरं टोक धरायला मात्र त्यांना वेळ नव्हता. अव्वा दारात बसून खोकत बघायच्या. काही बोलायच्या नाहीत. आम्ही ती संमती धरली.

फिटर आला तो मोबाइल कानाला लावूनच. एकाशी कानडीत भांडता भांडता त्याने न्हाणीघराशेजारच्या भिंतीला ड्रिल लावलं, भोक आरपार पाडलं आणि मग विचारलं, "अक्का, ओटा कुठं हाय?"

मी जमिनीवरचा पाट दाखवला.

"खाली? खाली जमत न्हाई. शेगडी सिलिंडरच्या वर पाह्यजे. गॅस जड असतोय, जरा लीक झाला की खालीच बसतोय. त्यात तुमची म्हातारी बसणार व्हय?"

"मग भोक पाडायच्या आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलं कुठं," असं म्हणून त्याने पुन्हा फोन कानाला लावला.

बसून भाकरी करणाऱ्या बाईसाठी आम्ही इतके दिवस पाइपची दिशा, वारा, ऊन, देव, सगळं बघितलं होतं. ती बसते, एवढंच बघितलं नव्हतं. नवऱ्याने मात्र हार मानली नाही. "कट्टा बांधू की. शेगडी वर, शेजारी अव्वाला बसायला जागा वर. दोन पायऱ्या केल्या की झालं."

गुडघे धरून उठणाऱ्या बाईला पायऱ्या चढवून गणपतीसारखं वर बसवायचं आणि पुढ्यात परात द्यायची. मला हसू आलं, आणि हसता हसता इतकं थकल्यासारखं झालं की मी टेप तिथेच टाकून अव्वांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. कट्ट्याची उंची तरी त्यांना विचारावी म्हणून विचारलं, "अव्वा, वर बसायला जमेल का तुम्हाला?"

अव्वांनी खाली पडलेल्या टेपला हाताने बाजूला ढकललं.

"मला परत कामून बसवायलाव गं?" त्या म्हणाल्या. "लग्न करून आले तवापासून थापायलेय. डाक्टर बंद कर म्हणला तवा बसमधी मला किती हलकं वाटलं. वाटलं, सुटले. आन् तू रोज फीत घिऊन माझीच जागा मोजायलीस."

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही आलं. मलाही कुणी विचारलं नव्हतं.

फिटरला मी भोक बुजवायला लावलं. नवरा फुगला. भाकरीऐवजी रोज पोळी खायला लागल्यापासून त्यांचा चेहराच पोळीसारखा झाला होता. शेवटी म्हणाले, "बरं. पण येळवशीला अव्वा करणारच. वर्षातनं एक दिवस चुलीपाशी बसली तर काय होतं?"

ते गेल्यावर अव्वा मला म्हणाल्या, "तुझ्या शाळेच्या वाटंला बाया कडक भाकरी इकत्यात म्हणं. तीळ लावून करत्यात का, बघ जरा."

येळवशीच्या आदल्या दिवशी नवरा शेतात खोप बांधत होता. मी शाळेतून येताना भाकरी आणल्या. अव्वांनी एक मोडून चाखली, "मीठ जरा कमी हाय" म्हणाल्या आणि सगळ्या आमच्याच शिप्तरात, भाकरीच्या टोपलीत, रचून वर पांढरं धडपं बांधलं. भज्जीचं पातेलं मी चुलीवर चढवलं. अव्वांना आतल्या खोलीत दार लावून झोपायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शेतात नवऱ्याने भाकरीचा पहिला तुकडा भज्जीत बुडवला आणि डोळेच मिटले. "आता बोल," मला म्हणाले. "ही चव कुठं मिळंल का? अव्वा, किती वाजता उठलीस गं?"

"उठलेच न्हाई, बाळा," अव्वा म्हणाल्या. "निवांत झोपले होते."

ते मोठ्याने हसले. आईची सवयच आहे, केलेलं कधी सांगत नाही, असं मला म्हणाले आणि आणखी एक भाकरी मागितली. अव्वा हसल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून त्या ज्वारीकडे बघत बसल्या होत्या. मी शिप्तरातून भाकरी काढली, अर्धी नवऱ्याला दिली आणि अर्धी अव्वांच्या ताटात ठेवली.