फेसभाऊंचा पाना

गॅसच्या जोडण्या करणाऱ्या त्या फिटरला सगळे फेसभाऊ म्हणत. जोडणी झाली की तो सांध्यावर ब्रशने साबणाचा फेस लावायचा आणि डोळे बारीक करून बघत बसायचा. बुडबुडा आला तर गॅस गळतोय, नाही आला तर सगळं ठीक. बाकीचे फिटर एक नजर टाकून चालू पडत. हा सांधा पुसून पुन्हा फेस लावी. "अरे, नळीची दाढी करतोयस का?" असं कोणीतरी विचारी, आणि तोही हसे.

ते हसणं हळूहळू आटलं. जिना उतरला की मनात पाल चुकचुकायची. नट घट्ट बसला ना? की परत वर, परत बेल. गिऱ्हाइकं वैतागली. साहेबांनी बजावलं, "आणखी एक तक्रार आली तर घरी बसा." हातावर पोट असलेला माणूस, त्याला का कळत नव्हतं? कळत होतं, वळत नव्हतं. बायको म्हणे, "जरा मन रमवा कशात तरी." मेहुणा म्हणे, "रिकामं डोकं, दुसरं काय?" त्याच्या डोक्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि हा शहाणा म्हणे रिकामं!

पलीकडच्या गल्लीत राहणारी थोरली बहीण तेवढी काही बोलत नसे. दिवसाचं काम संपलं की तो तिच्याकडे जाई. ती ओट्याखालच्या गॅसच्या नळीपुढचे डबे आधीच सरकवून ठेवी. "ये, बघून घे एकदाचं." तेवढंच त्याला बरं वाटेल, असा तिचा हिशेब. माया खरी, पण आंधळी.

त्या दिवशी तो ओट्याखाली वाकला, फेस लावला. बुडबुडा नाही. तरी पाना लावून नट थोडा आवळला. मग अजून थोडा. कट्ट आवाज झाला, नटाला चीर गेली आणि फेसात भराभर बुडबुडे आले.

"बघ ताई, मी म्हणत नव्हतो?" त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं.

मग त्याच्या लक्षात आलं, ही गळती त्यानंच केली होती. गॅसचा कॉक बंद करायचंही त्याला सुचेना. ताईनंच वाकून कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसली.

"चूक माझीही आहे," ती म्हणाली. "तू आलास की मी डबे सरकवत राहिले. तुझा हात धरायला हवा होता."

"मला वेड लागलंय का गं?"

"वेडबीड काही नाही. पाय मोडला असता तर तुला असंच चालू दिलं असतं का मी? मनाचेही डॉक्टर असतात. चल, मी बाहेर बाकावर बसेन."

पाना तिनं भांड्यांच्या कपाटात ठेवून दिला आणि दोघं निघाली. जिन्याच्या मधल्या वळणावर तो थबकला.

"ताई, कॉक बंद आहे ना?"

'हो' तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं; तेही डबे सरकवणंच झालं असतं. वर जावं की खाली, पायांना ठरवता येईना.

"मला आता गॅसची भीती वाटत नाही गं," तो शेवटी म्हणाला. "हे कधी थांबणारच नाही, याची वाटते."

"तिथे हेच सांग. अगदी असंच."

त्यानं कठडा सोडला नाही. पण एक पायरी खाली उतरला.