कॉम्प्युटरच्या बाई

आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंइतकं संशयी माणूस अख्ख्या पनवेलमध्ये सापडणार नाही. मी त्याच शाळेत मराठी शिकवते, पण ओळख झाल्यावरही त्या वर्षभर माझ्याकडे अनोळखी लिंककडे पाहावं तशा पाहायच्या. मुलं पासवर्ड टाइप करू लागली की बाई स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि सगळ्यांचं होईपर्यंत वळायच्या नाहीत. तेवढ्यात मागची पोरं गेम खेळून घेत, ती गोष्ट वेगळी.

मुख्याध्यापकांनी एकदा स्टाफच्या ग्रुपवर पाठवलं, आज रात्री मोबाइल उशाशी ठेवू नका, अंतराळातून घातक किरण येणार आहेत. बाईंनी खाली विचारलं, "सर, हे कुणी सांगितलं?"

"आमच्या साडूंनी."

"साडू कुठे असतात?"

"पळस्प्याला."

"मग किरणांचं त्यांना कसं कळलं?"

तेव्हापासून सर फक्त फुलं पाठवतात, तीही बिचकत.

अनोळखी माणसाला नाव-पत्ता सांगायचा नाही, हे त्यांनी पाचवीच्या वर्गात इतकं घोटवून घेतलं, की एका मुलाची आई तक्रार घेऊन आली. "बाई, माझे दीर दुबईहून आले. बॅगा घेऊन जिन्यात उभे, आणि हा आतून विचारतोय, तुम्हीच चाचा कशावरून?"

बाईंचा चेहरा आनंदाने फुलला. "मग? काय पुरावा दिला त्यांनी?"

अशा बाईंच्या राज्यात आठवीतल्या एका मुलीच्या बाबतीत नको ते घडलं. तिचं नाव सांगत नाही, बाईंना आवडणार नाही. खो-खो खेळताना ती चिखलात आडवी पडली. कुणीतरी फोटो काढला, शेजारी म्हैस चिकटवली, आणि संध्याकाळपर्यंत तो आईबापांच्या फोनवरून सगळ्या वर्गात फिरला. दुसऱ्या दिवसापासून मुलीने शाळेत येणंच सोडलं.

मुख्याध्यापक गुन्हेगार शोधायला निघाले. बाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी ती परत कशी येईल ते बघू." त्यांनी वर्गात विचारलं, "फोटो बघून कोण हसलं?" एकही हात वर होईना. मग बाईंनी स्वतःचाच हात वर केला. "मी हसले. म्हैस फार छान चिकटवलीय." हळूहळू वर्गभर हात वर झाले.

"चला तर. तिलाच जाऊन सांगू."

शाळा सुटल्यावर ती वरात करंजाड्याला मुलीच्या घरी निघाली. मला बाईंनी साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. मुलीची आई दाराबाहेर आली, पण मुलगी खोलीची कडी काढेना. आम्ही सगळे हॉलमध्ये दाटीवाटीने उभे.

"सगळ्यांनी बघितलंय, बाई," ती आतून म्हणाली.

बाई जमिनीवरच बसल्या, दाराला पाठ लावून. "बघितलंय. फोनमधलं मी पुसायला लावेन. पण डोळ्यांनी बघितलेलं पुसता नाही येत मला. ते मला येत नाही गं."

बाईंना काही येत नाही, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

तेवढ्यात मागून एक पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "म्हस मी लावली. माज्याच घरची हाय ती. तुजी मस्करी करायची नव्हती, ती माजी लाडकी हाय."

आतून हसू फुटल्यासारखा आवाज आला, आणि त्यातच हुंदकाही होता. बऱ्याच वेळाने कडी निघाली. सोमवारी मुलगी शाळेत आली, आणि मधल्या सुट्टीत बाई तिच्या शेजारी बसून तिचा डबा संशयाने तपासत होत्या.

बाईंची नेमणूक कंत्राटी होती, वर्ष संपलं तशी तीही संपली. निरोपाच्या दिवशी फलकावर लावायला त्यांचा फोटो शोधला, तर कुणाकडेच नव्हता. न विचारता काढलेला त्यांना चालायचा नाही, आणि विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. त्या मुलीने मात्र बाई निघताना विचारलं. बाईंनी पदर सारखा केला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कुणाला पाठवणार, ते आधी सांग."

"कुणालाच नाही. मला हवाय."

बाई तिच्या फोनसमोर ताठ उभ्या राहिल्या, आणि तिने फोटो काढला. परवा मला त्यांची फार आठवण आली, म्हणून मी त्या मुलीकडे फोटो मागितला. तिने फोन छातीशी धरला आणि अगदी नम्रपणे नाही म्हणाली.