ओळखीचं माणूस

मंत्रालयात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘मसुदेबाई’ म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. लहान मुलांच्या संगोपनाचं आणि शिक्षणाचं राष्ट्रीय धोरण लिहायचं काम त्यांच्या टेबलावर आलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. ते मंजूर झालं तेव्हा त्या निवृत्तीला टेकल्या होत्या. मधल्या काळात चार मंत्री आले नि गेले. एकाला ‘शिशू’ हवं होतं, दुसऱ्याला ‘बालक’. तिसऱ्याने दोन्ही खोडून ‘उद्याचा नागरिक’ केलं, आणि चौथ्याने फाईल उघडून विचारलं, “हे नक्की कुणाबद्दल आहे?” आरोग्य खातं म्हणे तीन वर्षांपर्यंतचं मूल आमचं. शिक्षण खातं म्हणे तीन वर्षांपुढचं आमचं. पैशांचा विषय निघाला, की दोन्ही खाती एका सुरात म्हणत, मूल तुमचं. बाई निमूटपणे सगळ्यांचे शेरे गोळा करत आणि नवा मसुदा काढत. भांडखोरपणा त्यांच्या अंगात नव्हताच. त्या सबंध काळात त्या एकदाच हटून बसल्या.

मूल पहिल्यांदा पाळणाघरात येतं, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस घरचं कुणीतरी त्याच्याबरोबर खोलीत बसावं, मूल रुळलं की हळूहळू निघावं, असं एक कलम होतं. कलमाला कुणाची हरकत नव्हती. घोडं अडलं ते ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, यावर. विधी खात्याचे साहेब म्हणाले, ‘आई, वडील किंवा जवळचे नातेवाईक’ लिहा आणि मोकळ्या व्हा. बाईंनी लिहून आणलं होतं, ‘मुलाच्या ओळखीचं माणूस, म्हणजे रडताना मूल आपणहून ज्याच्याकडे जातं ते, नातं काहीही असो.’

“अहो, नातं कागदावर दाखवता येतं. हे कसं दाखवणार?”

“पाळणाघरातल्या शिक्षिकेला बघताक्षणी कळतं, साहेब.”

“आणि खुद्द आई आली, तर तिला घरी पाठवायचं?”

“मूल तिच्याकडे जात नसेल, तर हो.”

साहेब हसले, म्हणून बाकीचेही हसले. पुढच्या मसुद्यात तेच वाक्य आलं, त्याच्या पुढच्यातही आलं. शेवटी साहेबच कंटाळले आणि वाक्य राहिलं.

या हट्टाचं कारण बाईंनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचा मुलगा अंगावर पीत होता तेव्हाच नवरा गेला. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि टिकवावी तर मूल ठेवायचं कुठे? तेव्हा पाळणाघरं नव्हती, आणि ती असावीत असं म्हणणारं धोरणही नव्हतं. थोरली बहीण, ताई, “दे इकडे” म्हणाली आणि मुलाला उचलून आपल्या गावी घेऊन गेली. बाई सुट्टी मिळेल तेव्हा जात. अशाच एका सुट्टीत तो दारापुढच्या पायऱ्यांवरून पडला आणि त्याचा गुडघा फुटला. बाई दोन्ही हात पसरून धावल्या. तो रडत उठला आणि त्यांना वळसा घालून आत ताईकडे गेला. त्यात त्याची चूक नव्हती, ताईची तर मुळीच नव्हती. पण पसरलेले हात रिकामेच खाली घेताना बाईंच्या काळजात जे तुटलं, ते पुढे कधी धड सांधलं नाही. शाळेच्या वयात मुलगा परत आला. गुणी निघाला, मायेनेही वागतो. फक्त मनाला काही लागलं, की अजूनही फोन ताईलाच करतो. तिला तो मोठी आई म्हणतो.

नात झाली तेव्हा धोरण शेवटच्या टप्प्यात होतं आणि बाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. बाळंतपणाला ताईच आली, बाळ बसायला लागेपर्यंत राहिली, आणि नंतरही महिन्यातले काही दिवस येत राहिली. बाई रविवारी तासभर जात. बहुतेक वेळा बाळ झोपलेलं असे.

मग बाई निवृत्त झाल्या. सवयीने सकाळी लवकर आवरून खुर्चीत बसत, आणि जायचं कुठेच नसे. दोन खोल्या, एक खिडकी, समोरच्या इमारतीत बंद पडदे. कधी कधी सबंध दिवस तोंडातून शब्द निघत नसे. संध्याकाळी त्या उगाच खाकरून बघत, आवाज अजून आहे ना म्हणून. एकटेपणाची त्यांनी कधी तक्रार केली नाही. करायची कुणाकडे, हाही प्रश्नच होता.

अशात एकदा सुनेचा फोन आला. “आई, हिला पाळणाघरात घालतोय. सुरुवातीला कुणीतरी बरोबर बसावं लागतं म्हणे. आमच्या दोघांच्याही रजा संपल्यात. तुम्ही बसाल का?”

“बघते,” बाई म्हणाल्या. लगेच हो म्हटलं असतं, तर आनंद फोनवरून ऐकू गेला असता.

त्या रात्रीपासून त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. अनोळखी खोली, अनोळखी माणसं. मूल घाबरणार, कुणाला तरी बिलगणार, आणि या वेळी तिथे ताई नसेल, त्या असतील. मुलाच्या वेळी हुकलं ते नातीच्या वेळी हुकू द्यायचं नाही. जमिनीवर मांडी घालायची सवय मोडली होती, म्हणून त्यांनी घरी चटईवर बसून सराव केला. उठताना पलंगाचा कठडा धरावा लागला, पण उठता आलं.

पाळणाघराच्या खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं. हात धुवायची भांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर, खिडक्या रांगणाऱ्या मुलाला बाहेरचं दिसेल इतक्या खाली, दाराला अर्धी फळी. हे सगळं बाईंनीच कधीतरी परिशिष्टात लिहिलं होतं. सुनेने नातीला खाली ठेवलं, पापा घेतला आणि ती धावतपळत कामावर गेली. नातीने भोकाड पसरलं.

“ये, आजीकडे ये,” बाई म्हणाल्या.

नातीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती दाराकडे रांगत गेली. बाईंनी उचललं तर तिने अंग ताठ केलं. चेंडू दिला तो भिरकावला. शेवटी तिने तोंड लपवलं ते शिक्षिकेच्या गुडघ्यांत, जिला तिने त्या सकाळीच पहिल्यांदा पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर ती बाईंना बघूनच रडू लागली.

शिक्षिका तरुण होती आणि मनाने हळवी. ती बाईंजवळ येऊन बसली. “आजी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही असूनही तिला धीर येत नाहीये. ती ज्यांच्याकडे पटकन जाते असं दुसरं कुणी आहे का? धोरणातच तसं म्हटलंय, नात्याचं नाही, ओळखीचं माणूस हवं.”

“अजून थोडे दिवस देऊन बघितले तर?” बाई म्हणाल्या.

“बघू की. तुम्ही म्हणाल तसं.”

म्हणजे आता ते बाईंच्याच हातात होतं. नात उंबऱ्याशी बसून हुंदके देत होती. अजून चार दिवस हिला असंच रडू दिलं, तर दमून, दुसरं कुणीच नाही म्हणून, ती आपल्याकडे येईल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आली असती, बिलगलीही असती. बाईंना ते फार हवं होतं. त्या भिंतीला धरून उठल्या आणि व्हरांड्यात जाऊन त्यांनी ताईला फोन लावला.

“ताई, उद्या येशील का? हिला रुळायला तू हवीस.”

“अगं, माझे गुडघे, ह्यांचं आजारपण... आणि तू आहेस ना तिथे?”

“मी आहे. पण ती मला ओळखत नाही, ताई.”

ताई म्हणाली, “येते. ह्यांना शेजारणीकडे सोपवून निघते. तू रडू नकोस बघू.”

“रडत नाहीये मी,” बाई म्हणाल्या. ते खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईच ताईला पाळणाघराच्या दारापर्यंत घेऊन आल्या. एका हातात नातीच्या जादा कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हाताला ताई. शिक्षिकेने फळी उघडली. आत सुनेच्या कडेवरून नातीने ताईला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून अख्खी झेपावली.

“तूही ये ना आत,” ताई मागे वळून म्हणाली. “कोपऱ्यात बस नुसती.”

“नको. एका मुलामागे एकाच माणसाने बसायचं असतं. गर्दी झाली की मुलं बावरतात.”

“हा कसला मेला नियम! कुणी केलाय?”

“मी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी फळीवरून आत दिली.

ताईला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. नात तिच्या गळ्यात पडली होती आणि रडायची थांबली होती.