पाचवी सही

पायरीवर वहाणा काढायच्या, कमरेत वाकून आत यायचं आणि उजव्या हाताची पाची बोटं पसरून माझ्या टेबलासमोर उभं राहायचं. "भाऊसाहेब, पाच माणसं द्या मला. बस्, पाच." दोन वर्षांपूर्वी, मोहरमच्या आधीचे बारा दिवस आबांनी हे जवळजवळ रोज केलं.

मी तेव्हा नळदुर्गहून आत असलेल्या एका गावात ग्रामसेवक होतो. ते धनगर, सत्तरीचे, मेंढरं राखणारे. लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणायचे. आणि हे आबा गावातल्या मोहरमच्या सवारीचे मानकरी होते. तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडं कित्येक गावांत मुसलमानाचं घर एखादंच असतं, कुठं तेही नसतं, पण पीर बसतात. चांदीचे पंजे काठीला बांधून, रंगीत कापडं नेसवून सवारी सजते, आणि सगळा गाव तिच्यामागं चालतो, मलिदा वाटतो.

गावात मुजावराचं एकच घर. शिवणकाम करणारा माणूस, आबांचा बालमित्र. बिरोबाच्या जत्रेत पालखीपुढं दिवटी धरायचा मान मुजावराचा, मोहरमात मोठी सवारी धरायचा मान आबांचा. "त्यानं आमच्या देवाला उजेड दावायचा, म्या त्याच्या पिराला खांदा द्यायचा. देव काय जात पुसतुय व्हय?" असं म्हणून आबा हसायचे, तेव्हा पुढचे दोन दात नसलेले दिसायचे.

एका जत्रेत मुजावराच्या दिवटीनं सरपंचांच्या फेट्याचा शेमला पेटला. आबांनी तो फेटा डोक्यावरून हिसकून पायाखाली तुडवला. पुढं कुणी नव्या पावण्याला त्यांची ओळख करून दिली की ते स्वतःच जोडायचे, "सरपंचाचा फेटा तुडवून बी जित्ता राह्यलेला माणूस हाय म्या."

मग शेजारच्या बाजारगावात काहीतरी घडलं. काय घडलं ते नीट कुणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये ते होतं. आमच्या गावात कुणी दगड उचलला नाही, शिवी दिली नाही. फक्त मुजावराकडं कापड यायचं थांबलं. तीन महिने त्यानं रिकाम्या मशीनला तेल घातलं आणि एका सकाळी कुलूप लावून सोलापूरला लेकीकडं निघाला. जाताना पंज्यांची पत्र्याची पेटी त्यानं आबांच्या हवाली केली.

"बसवशील न्हवं?"

"बसवीन की," आबा म्हणाले.

मोहरम जवळ आला आणि ठाण्यातून निरोप आला. यंदा मिरवणूक काढायची तर लेखी अर्ज पाहिजे, त्यावर गावातल्या पाच जणांच्या सह्या पाहिजेत, नाहीतर सवारी बाहेर काढू नका. अर्ज मीच लिहून दिला. पहिला अंगठा आबांचा. त्यांच्या बरोबरीच्या तीन म्हाताऱ्यांनी दोन दिवसांत अंगठे दिले. पाचवी जागा मोकळी राहिली.

त्या एका सहीसाठी आबा दारोदार फिरले. कुणी म्हणालं, पुढल्या साली बघू. कुणी म्हणालं, ज्यांचा सण तेच गेले, आता कुणासाठी काढायची? एका घरात बाईनं आतूनच सांगितलं, मालक शेतात गेलेत. आबा माझ्याकडं येऊन म्हणाले, "वहाणा दारात हायत, आन् माणूस शेतात. अनवाणी गेला आसंल बिचारा. पाय पोळतील की." मी हसलो. ते हसले नाहीत.

दहाव्या दिवशी त्यांनी मुलाला दंडाला धरून आणलं. पाच लेकरं जन्मून गेल्यावर सवारीला नवस बोलून झालेला हा मुलगा. म्हणून त्याचं नाव फकीर. हायवेवर ट्रक चालवायचा. महिन्यापूर्वीच तो माझ्याकडं येऊन गेला होता, कागदोपत्री नाव बदलायला काय करावं लागतं ते विचारायला. आबांना ते माहीत नव्हतं. मीही बोललो नव्हतो.

"कर सही," आबा म्हणाले.

"न्हाई आबा. उद्या माझा फोटू गावभर फिरवतील. पोरगी लग्नाला आलीया माझी."

"तू कुणाच्या नवसाचा हायस, ठावं हाय का तुला?"

"मला इचारून केला हुता का नवस?"

आबांचा हात त्याच्या दंडावरून आपोआप सुटला. फकीर उंबऱ्यात क्षणभर घुटमळला, मग गेला. आबा बराच वेळ भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत बसले. त्यांना वाचता येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी ते माझ्याकडं आले. हात पसरला नाही. अर्ज टेबलावर ठेवला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"तुमी करा."

"मी सरकारी माणूस, आबा. मला नाही चालत."

असा कुठला नियम मला माहीत नव्हता. तो मी तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या तयार केला.

"मग म्या मुजावराला काय सांगू? बसवीन म्हनून बसलोय. गावात पाच माणसं न्हाईत म्हनून सांगू? आँ? येवढ्या गावात पाच माणसं?" आवाज फुटला आणि ते खाली वाकले. त्यांनी माझे पाय धरले. मी गडबडून उठलो, त्यांना उचललं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. सगळं केलं. पेन माझ्या खिशालाच होतं.

सवारी निघाली नाही. आबांनी एकट्यानं आशुरखाना, पीर बसवायची ती खोली, झाडला, पंजे बसवले, रोज ऊद जाळला. दहा दिवसांत कुणी आत पाऊल टाकलं नाही. दोन-तीन बायका तेवढ्या पदर पुढं ओढून आल्या, उंबऱ्यावर साखरेची पुडी ठेवून भराभरा परत फिरल्या. लिंबाखाली बंदोबस्ताचा एक शिपाई खुर्ची टाकून बसलेला असायचा. आबा रोज त्यालाही मलिदा द्यायचे. दहाव्या दिवशी दुपारी पंजे विहिरीवर नेऊन थंड करायचे असतात. आबांनी विहिरीचं पाणी घागरीनं आत आणलं आणि दार लोटून घेतलं. मी ग्रामपंचायतीच्या खिडकीतून ते बंद दार बघत होतो. आतून रडण्याचा आवाज आला. शिपाई उठून उभा राहिला. काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं टोपी काढली.

त्या दिवाळीनंतर आबा गेले. मी प्रशिक्षणाला गेलो होतो, मातीलाही पोचलो नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते श्रावणात, नळदुर्गहून सोलापूरला जाणाऱ्या एसटीत. पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं ती सीटखाली सरकवायला सांगितली, तर त्यांनी नुसती मान हलवली. मला बघून सरकून जागा केली.

"कुठं, आबा?"

"ज्याचं त्याला देऊन येतो. घरात ठिवून मला झोप न्हाई."

तांदुळवाडी मागं पडली तेव्हा कुठं माझ्या तोंडून शब्द निघाला. "आबा, मी सही करायला हवी होती."

मला वाटलं होतं, जाऊ द्या म्हणतील.

"व्हय," ते म्हणाले. "कराया पायजे हुती." आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सोलापूर स्टँडवर ही गर्दी. मी पेटीला हात लावायला गेलो, तोवर त्यांनी ती डोक्यावर घेतलीही होती. खाली उतरले, मान ताठ केली आणि मोठ्यानं आवाज दिला, "बाजूला व्हा! सवारी हाय! बाजूला व्हा!"

लोकांना वाटलं, हमाल आहे. पोतं घेतलेले, लेकरं कडेवर घेतलेले, फोनवर बोलणारे, सगळे दोन्ही बाजूंना सरकले. त्या वाटेनं आबा एक एक पाऊल टाकत, कुठंही न थांबता, रस्त्याकडं गेले.