अर्धवट बसलेली पट्टी

मशीनमावशींची एक सवय होती. बंद पडलेल्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी त्या माणसांची विचारपूस करत. पंचवीस वर्षं दुरुस्तीचं हेच काम केल्यावर त्यांचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते.

रक्ततपासणीच्या एका लॅबमधला सर्व्हर तीन आठवडे चालता चालता बंद पडत होता. रिपोर्ट अडकत, पेशंट काउंटरवर ताटकळत. त्याच सुमारास नवा प्रोग्रॅम सुरू झाला होता, म्हणून सगळं खापर तो लिहिणाऱ्या मुलीवर फुटलं होतं.

"मावशी, मी ओळन् ओळ तपासली," ती म्हणाली. "आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"बंद पडताना पडद्यावर काही सांगतो का, की न बोलताच जातो?"

"न बोलताच."

"मग आधी त्याचं पोट उघडून बघू. तू जेवलीस का?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. मावशींनी तिला डबा खायला पिटाळलं, सर्व्हर बंद करून झाकण काढलं आणि कशालाही हात न लावता आधी फोटो घेतले. आत मेमरीच्या आठ पट्ट्या ओळीने उभ्या होत्या. सातवीच्या एका टोकाचा चाप मात्र पुरता मिटला नव्हता. जेमतेम केसाएवढी फट. त्यांनी बोटाने दाबलं, तर टक् करून आवाज आला.

 ती पट्टी आठ महिन्यांपूर्वी मावशींनीच बसवली होती. त्या दिवशी आईला दवाखान्यातून घरी न्यायचं होतं, आणि शेवटच्या दोन पट्ट्या त्यांनी घाईघाईत उरकल्या होत्या.

पुढे दोन दिवस सर्व्हर सुरळीत चालला. लॅबचे मॅनेजर साहेब खुशीत होते. "पोरीने गुपचूप प्रोग्रॅम दुरुस्त केलेला दिसतोय. चला, विषय संपला."

मुलगी समोरच उभी होती. मावशी मूग गिळून बसल्या असत्या, तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"दुपारी काउंटर बंद असतो तेव्हा मशीन माझ्या ताब्यात द्या," मावशी म्हणाल्या.

सगळ्या नोंदींची प्रत काढून झाल्यावर त्यांनी सर्व्हर बंद केला, तो चाप मुद्दाम ढिला केला आणि मुलीला नवा प्रोग्रॅम पूर्ण जोरात चालवायला लावला. तेविसाव्या मिनिटाला मशीन गपकन बंद झालं. चाप घट्ट केल्यावर तोच प्रोग्रॅम दुपारभर चालत राहिला.

"जुन्या प्रोग्रॅमचं काम इतक्या लांबच्या पट्टीपर्यंत येतच नव्हतं," मावशींनी साहेबांना सांगितलं. "नव्याला मेमरी जास्त लागते. पट्टी तापते, जरा हलते आणि संपर्क सुटतो. हिचा काही दोष नाही. ही पट्टी मी बसवली होती. चूक माझी आहे."

साहेब गोंधळले. "अहो, तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला पत्ताही लागला नसता."

"तुम्हाला नसता लागला. पण हिने मनाला लावून घेतलं असतं."

साहेबांनी त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. मावशींना कुणी कामावरून काढलं नाही. त्यांनी स्वतःच एक अट घातली: यापुढे त्यांचं काम झालं की दुसऱ्या कुणीतरी ते तपासायचं, मगच झाकण लावायचं. पहिली तपासनीस म्हणून त्या मुलीलाच नेमलं.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पंचवीस वर्षांत एक पट्टी. मी तर रोज एक डबा झाकणाशिवाय ठेवतो."

"ते झाकण मी रोज लावते," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या ताटात अजून भात वाढला.